नगरसंस्थांवरील नेमणुका आणि आपले कर्तव्य

(संघाच्या वार्षिक स्नेहसंमेलनात, रत्नागिरी येथे दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



स्नेहसंमेलनाच्या व्यासपीठावरून समाजाच्या गौरवाची चार वाक्ये बोलावीत आणि टाळ्या घ्याव्यात, हा मार्ग सोपा असतो. परंतु वर्षातून एकदाच आपली इतकी कुटुंबे एकत्र जमतात. म्हणून एखादा व्यवहारातला प्रश्न आपणापुढे मांडावा असे मला वाटले. नगरपरिषदेच्या निवडणुका आटोपल्या की प्रत्येक ज्ञातिसंस्थेत एक विषय हमखास निघतो. स्वीकृत सदस्यांच्या जागा भरावयाच्या असतात, आणि ‘या वेळी आपला माणूस बसला पाहिजे’ असा आग्रह सुरू होतो. संस्थेच्या छापील कागदावर शिफारसपत्र मागितले जाते आणि शिष्टमंडळे निघतात. हा आग्रह कितपत योग्य आहे, त्यामागे कायदा काय आहे आणि संस्था म्हणून आपण काय करावे, एवढाच माझा आजचा विषय आहे.

प्रथम थोडा इतिहास पाहू. आपल्या रत्नागिरीची नगरपालिका १८७६ सालची. त्या काळी नगरपालिकेचा सभासद म्हणजे सरकारने नेमलेला गृहस्थ, अशीच समजूत होती आणि वस्तुस्थितीही बहुतेक ठिकाणी तीच होती. १८ मे १८८२ रोजी लॉर्ड रिपन यांच्या सरकारने स्थानिक स्वराज्याचा प्रसिद्ध ठराव केला. त्यात बिनसरकारी सभासदांचे बहुमत असावे आणि शक्य तेथे निवडणुकीचे तत्त्व आणावे, असे म्हटले होते. तेव्हापासून ‘लोकनियुक्त’ आणि ‘सरकारनियुक्त’ असे दोन शब्द आपल्या सार्वजनिक जीवनात रूढ झाले. मुंबई शहराचा १८८८ चा कायदा पाहिला तर हा संमिश्र प्रकार स्पष्ट दिसतो. तेथे एकंदर ७२ सभासद होते. त्यांपैकी ३६ करदात्यांनी निवडावयाचे, १६ जस्टिस ऑफ दि पीस यांनी, २ विद्यापीठाच्या फेलोंनी, २ चेंबर ऑफ कॉमर्सने, आणि उरलेले १६ सरकारने नेमावयाचे. मतदानाचा हक्क कर भरण्याच्या ऐपतीवर अवलंबून असल्यामुळे गरीब व मागासलेल्या समाजांना निवडणुकीचे दार जवळजवळ बंदच होते. अशा समाजांना सभागृहात आवाज मिळण्याचा एकच मार्ग उरे, तो नेमणुकीचा. म्हणून आपल्या वाडवडिलांनी नेमणुकीसाठी अर्जविनंत्या केल्या असतील तर त्यात त्यांचे काही चुकले नाही.

पण नेमणूक स्वीकारणाऱ्या थोर माणसांनी ती कोणत्या वृत्तीने स्वीकारली, हे आपण विसरतो. ज्या १८७६ साली आपली नगरपालिका स्थापन झाली, त्याच साली पुण्याच्या नगरपालिकेवर महात्मा जोतीराव फुले यांची सरकारने नेमणूक केली. व्हाइसरॉय लिटन यांच्या स्वागतासाठी नगरपालिकेच्या पैशातून एक हजार रुपये खर्च करण्याचा विषय निघाला तेव्हा फुल्यांनी एकट्याने त्याला विरोध केला. हा पैसा गरिबांच्या शिक्षणाला लावावा, असे त्यांचे म्हणणे होते. ज्यांनी नेमले त्यांच्याच सर्वश्रेष्ठ अधिकाऱ्याच्या सत्काराला नकार देणे, हे त्या काळी किती धाडसाचे होते याची कल्पना आपण करू शकतो. फुल्यांचे चरित्र मोठ्या परिश्रमाने लिहिणारे धनंजय कीर हे आपल्या रत्नागिरीतच १९१३ साली जन्मले, ही गोष्ट आपणा सर्वांना अभिमानाची आहे. पण चरित्रकाराचा अभिमान बाळगावयाचा तर चरित्रातला बोधही घेतला पाहिजे.

दुसरे उदाहरण डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे. १९२७ च्या प्रारंभी ते मुंबई विधिमंडळात आले ते निवडून नव्हे, तर गव्हर्नरांनी नेमलेले सभासद म्हणून. पहिल्याच अर्थसंकल्पावर बोलताना त्यांनी सरकारच्या करपद्धतीवर कडक टीका केली. त्यानंतर महिनाही झाला नसेल तोच, २० मार्च रोजी, महाडच्या चवदार तळ्याचा सत्याग्रह घडला. आणि पुढल्या वर्षी वतनाविषयीचे विधेयक त्यांनी सभागृहात मांडले. नेमलेला सभासद हा नेमणाऱ्याचा मिंधा असतो, हा समज या दोन पुरुषांनी खोटा ठरविला. त्यांना मिळालेली जागा त्यांनी उपकार म्हणून घेतली नाही. काम करण्याची संधी म्हणून घेतली.

आता आजचा कायदा पाहू. चौऱ्याहत्तराव्या घटनादुरुस्तीने, म्हणजे १ जून १९९३ पासून, नगरपालिकांना घटनेत स्थान मिळाले. त्यातला मूळ नियम असा की, नगरपालिकेतील जागा प्रत्यक्ष निवडणुकीने भराव्यात. त्याला जे अपवाद ठेवले त्यांपैकी एक आपल्या विषयाचा आहे. नगरपालिका प्रशासनाचे विशेष ज्ञान किंवा अनुभव असलेल्या व्यक्तींना कायद्याने प्रतिनिधित्व देता येईल. मात्र अशा व्यक्तींना सभेत मतदानाचा अधिकार असणार नाही. महाराष्ट्रात नगरपरिषदांसाठी १९६५ चा अधिनियम लागू आहे, आणि त्यात अशा नामनिर्देशित सदस्यांची संख्या निवडून आलेल्यांच्या शेकडा दहापेक्षा अधिक होऊ नये असा दंडक आहे. म्हणजे तीस सभासदांच्या नगरपरिषदेत फार तर तीन जागा. सत्तर-पंचाहत्तर हजार वस्तीच्या आपल्या शहरात या तीन जागांसाठी किती धावपळ होते, हे मी सांगावयास नको.

या जागांची पात्रताही मोघम ठेवलेली नाही. महानगरपालिकांसाठी २०१२ साली जे नियम झाले त्यांत डॉक्टर, शिक्षणतज्ज्ञ, सनदी लेखापाल, अभियंता, वकील, नगर प्रशासनातून निवृत्त झालेला अधिकारी आणि नोंदलेल्या समाजसेवी संस्थेचा पदाधिकारी, असे वर्ग सांगितले असून त्या त्या क्षेत्रातील अनुभवाचीही अट घातली आहे. नगरपरिषदांच्या बाबतीतही पात्रता याच धर्तीवर पाहिली जाते. हे वर्ग नीट लक्षात घ्या. पाण्याची योजना अभियंत्याने तपासावी, अंदाजपत्रक लेखापालाने वाचावे, साथीच्या काळात डॉक्टरने सल्ला द्यावा, असा त्यामागचा हेतू उघड आहे. शीळ धरणाचे पाणी शहरातल्या शेवटच्या वाडीपर्यंत पुऱ्या दाबाने का पोहोचत नाही, मिरकरवाड्याच्या बाजूची घाण कोठे जाते, मांडवीच्या किनाऱ्यावरचा कचरा कोणी उचलावयाचा, हे प्रश्न हात वर करून सुटत नाहीत. त्यांना जाणकाराची नजर लागते.

प्रत्यक्षात काय होते? या जागा सभागृहातील पक्षांच्या व गटांच्या संख्याबळाप्रमाणे वाटल्या जातात. नाव गटनेता सुचवितो. निवडणुकीत पडलेला उमेदवार, तिकीट न मिळाल्यामुळे रुसलेला कार्यकर्ता, प्रचाराला पैसा पुरविणारा व्यापारी, अशांची समजूत घालण्यासाठी या जागा पुष्कळ ठिकाणी वापरल्या जातात. कित्येक शहरांत एकाने वर्ष-दीड वर्षाने राजीनामा द्यावा आणि दुसऱ्याने त्या खुर्चीवर बसावे, अशी वाटणीही ठरलेली असते. ज्या माणसाला सभेची कार्यपद्धती समजावयासच वर्ष लागते, त्याने वर्षभराने उठून जावे, यात विशेष ज्ञानाचा उपयोग तो कोणता?

तज्ज्ञांच्या जागा रिकाम्या किंवा नावापुरत्या राहिल्या म्हणजे काय होते, याचे एक उदाहरण मुंबईचे आहे. नागरी भागातील वृक्षांच्या संरक्षणासाठी १९७५ साली कायदा झाला. त्याप्रमाणे प्रत्येक नगरसंस्थेत वृक्ष प्राधिकरण असावे आणि त्यावर झाडांची विशेष माहिती असलेल्या संस्थांचे प्रतिनिधी घेता यावेत, अशी तरतूद आहे. मुंबई महापालिकेच्या प्राधिकरणावर तज्ज्ञ नाहीत, हा आक्षेप २०१८ साली उच्च न्यायालयापुढे गेला आणि न्यायालयाने प्राधिकरणाच्या निर्णयांना रोखले. झाड तोडावे की राखावे हे झाडाची माहिती असणाऱ्याला विचारून ठरवावे, एवढी साधी गोष्ट न्यायालयाला सांगावी लागली.

आता मी आपल्या घरच्या गोष्टीकडे वळतो. पात्रतेच्या यादीतला शेवटचा वर्ग मी मुद्दाम पुन्हा सांगतो : नोंदलेल्या समाजसेवी संस्थेचा पदाधिकारी. आपल्यासारख्या ज्ञातिसंस्था १९५० च्या सार्वजनिक विश्वस्त व्यवस्थेच्या कायद्याखाली नोंदलेल्या असतात. त्या वसतिगृह चालवितात, शिष्यवृत्त्या देतात, वैद्यकीय मदत करतात. तेव्हा आपल्या संस्थेतील पद ही नगरपरिषदेत जाण्याची कायदेशीर पायरी होऊ शकते. यात संधी आहे तसा धोकाही आहे. विद्यार्थ्यांच्या वसतिगृहाकडे ज्याने कधी ढुंकून पाहिले नाही, असा गृहस्थ पाच वर्षे चिटणीसपद धरून बसला तर तो समाजाच्या सेवेसाठी बसला की पात्रतेच्या दाखल्यासाठी, हे कसे ओळखावे? आणि एकदा का संस्थेच्या निवडणुकीत असे हिशेब शिरले, तर गरीब विद्यार्थ्याची फी वेळेवर भरली जाणार नाही, यात मला शंका वाटत नाही.

यावर आपल्यापैकी काहीजण म्हणतील : ‘दुसऱ्या ज्ञाती आपली माणसे बसवितात, आपणच तेवढे सोवळे का पाळावे?’ या प्रश्नात वजन आहे, तो हसण्यावारी नेण्यासारखा नाही. ज्या समाजाचा सभागृहात एकही माणूस नसतो, त्याच्या आळीतला दिवा महिनोन्‌महिने बंद राहतो, हा अनुभव खोटा नाही. परंतु प्रतिनिधित्वाची जागा कोणती आणि ज्ञानाची जागा कोणती, हा विवेक केला पाहिजे. प्रतिनिधित्वासाठी घटनेने अनुसूचित जाती व जमातींना आणि स्त्रियांना निवडणुकीत राखीव जागा दिल्या, मागासवर्गासाठी तशी तरतूद करण्याची मुभा राज्याला दिली. महाराष्ट्राने तर २०११ पासून स्थानिक संस्थांत स्त्रियांचा वाटा निम्म्यावर नेला. ते दार आज उघडे आहे. त्या दाराने जाणारा सभासद मत देऊ शकतो, ठराव पाडू शकतो. स्वीकृत सदस्याला तर मतच नाही. मत नसलेला माणूस केवळ जातीच्या बळावर सभेत बसला, तर त्याच्याजवळ उरते काय? ज्याच्यापाशी मत नाही त्याच्यापाशी निदान मांडण्यासारखे काहीतरी असले पाहिजे. ते नसेल तर त्याची हजेरी म्हणजे समाजाला मिळालेला मान नव्हे. समाजाची केलेली बोळवण होय.

म्हणून माझी कार्यकारी मंडळाला अशी सूचना आहे की, संस्थेने कोणाचेही नाव सुचविण्यापूर्वी स्वतःसाठी काही नियम करावेत. पहिला असा की, शिफारस मागणाऱ्याचे नाव सर्व सभासद कुटुंबांना आधी कळवावे आणि हरकतीस मुदत द्यावी. शिफारसपत्र एकट्या अध्यक्षाच्या सहीने जाऊ नये. दुसरा, उमेदवाराने आपल्या क्षेत्रात केलेल्या कामाचा लेखी तपशील द्यावा. तिसरा, नगरपरिषदेच्या कोणत्याही ठेक्यात त्याचा किंवा त्याच्या कुटुंबाचा संबंध असेल तर त्याने तो उघड करावा, आणि अशाची शिफारस करू नये. चौथा, नेमणूक झाल्यावर त्याने संस्थेतील पद सोडावे, म्हणजे संस्थेचा निधी आणि नगरपरिषदेचे राजकारण यांची गल्लत होणार नाही. पाचवा, त्याने वर्षातून एकदा येथेच, या व्यासपीठावर, आपण किती सभांना हजर राहिलो आणि काय मांडले याचा अहवाल द्यावा. २००५ च्या माहिती अधिकार कायद्यामुळे सभेची कार्यवृत्ते कोणालाही मागता येतात. तेव्हा अहवाल पडताळून पाहणे अवघड नाही. आणि सहावा नियम मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो : जाणकार माणूस आपल्या समाजात नसेल आणि दुसऱ्या समाजात असेल, तर त्याच्या नावाला आपण मोकळ्या मनाने पाठिंबा द्यावा. पाणी सर्वांच्या नळाला एकाच नळातून येते.

या नियमांनी आपला एखादा हौशी गृहस्थ नाराज होईल, हे मी जाणतो. एखाद्या वेळी जागाही हातची जाईल. पण दुसऱ्या बाजूने पाहा. आपल्यात आज अभियंते आहेत, डॉक्टर आहेत, लेखापरीक्षक आहेत, निवृत्त मुख्याध्यापिका आहेत. त्यांच्यापैकी कितीजणांनी नगरपरिषदेचे अंदाजपत्रक कधी उघडून पाहिले आहे? येत्या वर्षी पाच-सात जणांचे एक मंडळ करावे आणि त्याने पाणीपुरवठा, आरोग्य, शाळा यांविषयी नगरपरिषदेच्या समित्यांकडे लेखी सूचना पाठवाव्यात. त्यासाठी कोणाची नेमणूक लागत नाही, कोणाची शिफारस लागत नाही. असे काम चार वर्षे चालले, तर पुढच्या वेळी नाव सुचविण्यासाठी शिष्टमंडळ न्यावे लागणार नाही. गटनेतेच आपल्याकडे माणूस मागतील. आणि कोणी मागितला नाही, तरी केलेल्या कामाचा लाभ शहराला मिळालेलाच असेल.

 वरील नियमांचा मसुदा कार्यकारी मंडळाने आगामी सर्वसाधारण सभेपुढे ठेवावा, त्यावर कडक चर्चा व्हावी, आणि तो आहे तसा किंवा सुधारून मंजूर व्हावा, अशी पुन्हा एकदा विनंती करून मी आपली रजा घेतो.