बसून विसरणें : ताओ पंथांतील ध्यानसाधना



विसरणें हा आपण स्वभावाचा दोष समजतों. परंतु सुमारें २३०० वर्षांपूर्वीं चीनमधील एका तत्त्वज्ञानें विसरण्यासच साधनेचें पद दिलें. त्याचें नांव च्वांगत्से. त्याच्या नांवें प्रसिद्ध असलेल्या ग्रंथांत कन्फ्यूशियस व त्याचा लाडका शिष्य येन ह्वे यांचा संवाद आहे. दया, न्याय, विधि, संगीत, एकेक गोष्ट आपण विसरत चाललों, असें शिष्य सांगतो. शेवटीं म्हणतो, आतां बसलों कीं देहाचें व बुद्धीचेंहि भान उरत नाहीं. हें ऐकून गुरुच शिष्याचा अनुयायी होण्याची इच्छा दर्शवितो! या साधनेस ‘त्सोवांग’, म्हणजे ‘बसून विसरणें’, असें नांव आहे. हा ‘मी’ विसरावयाचा कीं टिकवावयाचा, हाच प्रश्न ताओ पंथाच्या ध्यानापुढें पुढील १५०० वर्षें उभा होता.

चौथ्या शतकांत चित्र पालटलें. इ. स. ३६४ ते ३७० या काळांत यांग शी नांवाच्या साधकास दिव्य विभूतींनीं रात्रीं दर्शन देऊन ग्रंथ सांगितले, अशी श्रद्धा आहे. त्यांतून निघालेल्या शांगचिंग परंपरेंत मन रितें करण्याऐवजीं तें भरूं लागलें. देहांत देवांचे महाल आहेत. डोळे मिटून त्या देवांस त्यांच्या वस्त्रालंकारांसह आंत पाहावें. ते देहांत राहिले तर आयुष्यहि राहील, अशी ही भूमिका.

दरम्यान भारतांतून गेलेला बौद्ध धर्म चीनमध्यें रुजला होता. आपल्या ‘ध्यान’ शब्दाचेंच तेथें ‘छान’ झालें. इ. स. ७३५ मध्यें निवर्तलेल्या सिमा छंगचन या ताओ आचार्यानें जुन्या ‘त्सोवांग’वर निबंध लिहून साधनेच्या सात पायऱ्या सांगितल्या. आरंभीं श्रद्धा, शेवटीं ताओची प्राप्ति. आणि मधल्या चित्तस्थैर्य व निरीक्षण या पायऱ्यांवर बौद्ध विचाराची छाया स्पष्ट दिसते.

याच थांग राजवटींत राजवाड्यांत अमरत्वाचीं औषधें शिजत होतीं. पारा, शिसें, हिंगूळ यांपासून केलेल्या त्या गोळ्यांनीं एकाहून अधिक सम्राटांचा बळी घेतला, असें इतिहासकार मानतात; इ. स. ८४६ मध्यें वारलेला वूत्सुंग हा त्यांपैकींच. पुढें रसायनाची भाषा राहिली, पण भट्टी देहाच्या आंत आली. चांग पोत्वान याच्या इ. स. १०७५ च्या सुमाराच्या पद्यग्रंथांत शिसें व पारा हीं साधकाच्या अंतःशक्तींचीं नांवें आहेत. श्वास व एकाग्रता यांच्या आंचेवर त्या शक्ति शुद्ध करणें, हेंच आतां ध्यान झालें.

बाराव्या शतकांत वांग छुंगयांग (१११३–११७०) यानें छ्वेनचन पंथ स्थापिला. मठवास, ब्रह्मचर्य आणि निर्मळ, शांत मन हीं त्याचीं अंगें. त्याचा शिष्य छिऊ छूची यास चंगीझखानानें बोलावणें धाडलें. सत्तरी ओलांडलेला हा साधक हजारों मैलांचा प्रवास करून इ. स. १२२२ मध्यें हिंदुकुश पर्वताजवळ खानाच्या छावणींत पोहोंचला. खानानें अमर करणारें औषध मागितलें. उत्तर मिळालें : आयुष्य जपण्याचे मार्ग आहेत, अमरत्वाचें औषध नाहीं.

ज्याच्या एका शब्दानें नगरें बेचिराख होत, त्याच्यासमोर हें उत्तर देणें म्हणजे प्राणाशीं खेळ होता. खान मात्र रागावला नाहीं. त्यानें त्या साधकाचा गौरवच केला. आयुष्यभर ध्यानास बसलेल्या त्या वृद्धास स्वतःच्या प्राणाचा क्षणभर विसर पडला असावा, असें मला वाटतें.