चिरोट्याची न्यूयॉर्कची बहीण

आज क्रोनटबद्दल बोलू या. क्रोसाँ म्हणजे लोण्याच्या पापुद्र्यांचा खुसखुशीत पाव, अन् डोनट म्हणजे तळलेलं गोड कडं. डोमिनिक आन्सेल या फ्रेंच बेकरीवाल्यानं २०१३ च्या मे महिन्यात न्यूयॉर्कच्या आपल्या दुकानात या दोघांची सोयरीक जुळवली.

आपण चिरोट्याला साटा लावतो ना, तसंच हे. मैद्याच्या पोळीत लोणी ठेवून घडीवर घडी घालायची, पीठ फुगू द्यायचं, मग तळायचं. आत क्रीम भरायचं, साखरेत घोळवायचं. पण साधी क्रोसाँची कणीक तळून काम भागेना. त्यानं दोन महिने खपून दहाहून जास्त वेळा कृती बदलली. एका घाण्याला तीन दिवस लागतात! दुकान उघडायच्या आधीच दारात रांगा लागू लागल्या.

नकला तर लगेच निघाल्या. पण गड्यानं नाव आधीच नोंदवायला टाकलं होतं. तळा, विका, फक्त ‘क्रोनट’ म्हणायचं नाही.

आमच्या गटाचे चिरोटे अजून कोऱ्या पिशवीतच जातात. परवा एक गिऱ्हाईक बाजारात विचारत होती, ‘मागच्या वेळचे ते चिरोटे कुणाचे हो?’ दुकानदाराला सांगता येईना.