मनाचें दुखणें आणि शेजाऱ्याचें दार
(महोत्सवाच्या सायंकाळीं धर्मग्रामाच्या सभागृहांत दिलेलें भाषण)



महोत्सवाच्या दिवशीं वेदीची, घंटेची व पूर्वजांच्या श्रमांची स्तुति व्हावी हें योग्यच आहे, आणि ती येथें पुष्कळ झाली. मला आज अशा एका दुखण्याविषयीं बोलावयाचें आहे, कीं ज्याचें नांव आपण दार लावून घेतल्यावांचून काढीत नाहीं.

माझा धाकटा भाऊ बावीस वर्षांचा असतां त्यानें अंथरूण धरलें. ताप नाहीं, खोकला नाहीं. जेवण तुटलें, झोप गेली, मिस्सेस येणें सुटलें. आम्हीं लोकांस कावीळ झाल्याचें सांगितलें. आईनें नोव्हेनामागून नोव्हेना केली. पुढें एका खाजगी समुपदेशकाकडे नेलें. मनुष्य चांगला होता; परंतु त्याची एका बैठकीची फी म्हणजे आमच्या घरचा आठवड्याचा बाजार. चार बैठकांनंतर आम्हीं जाणें सोडलें, आणि घर आपल्यापायीं बुडालें असें भावानें मनास लावून घेतलें. एका रात्रीं तो विहिरीच्या कठड्यावर बसलेला आईस दिसला. अधिक मला सांगवत नाहीं. तो वांचला.

त्याला सांवरलें तें दोन गोष्टींनीं. एक, जिल्ह्याच्या सरकारी रुग्णालयांतील मानसोपचाराचा विभाग, जेथें औषधास आम्हांस जवळजवळ कांहींच पडलें नाहीं. ‘ठाण्यास पाठविलें’ हे शब्द आपल्याकडे थट्टेचे झाले आहेत ना? त्या थट्टेच्या भयानें आम्हांस त्या दारापर्यंत जाण्यास दोन वर्षें लागलीं. दुसरी गोष्ट, शेजारच्या एक आजी. त्या रोज सायंकाळीं सूप घेऊन येत आणि त्याच्याजवळ वाल सोलीत बसत. उपदेश एक शब्दाचा नाहीं. तिसऱ्या आठवड्यांत त्यानेंही वाल सोलावयास घेतले.

ह्यांत नवीन कांहीं नाहीं. बेल्जममधील गेल ह्या गांवीं संत डिंफ्नाच्या देवळांत मनोरुग्णांस यात्रेस आणीत. देवळाजवळची जागा अपुरी पडूं लागली, तेव्हां गांवकऱ्यांनीं त्यांस आपल्या घरीं ठेवून घेतलें. मध्ययुगापासूनची ती चाल रुग्णालयाच्या देखरेखीखालीं अद्याप चालू आहे. आपल्या शेजारच्या गोव्यांत 1996 सालीं स्थापन झालेल्या ‘संगाथ’ संस्थेनें डॉक्टर नसलेल्या साध्या माणसांस शिकवून समुपदेशक केलें. त्यांच्या साहाय्यानें सरकारी दवाखान्यांतील खिन्नतेचे व चिंतेचे रुग्ण अधिक प्रमाणांत बरे झाले, हें 2010 सालीं ‘लॅन्सेट’ ह्या वैद्यकीय नियतकालिकांत प्रसिद्ध झालें आहे.

कोणी म्हणेल, पापनिवेदन आहे, मग समुपदेशन कशास? पापनिवेदन हा संस्कार आहे, आणि आजार हें पाप नव्हे. जें पाप नव्हे त्याची क्षमा ती काय मागावयाची? आत्मघात केलेल्यांस ख्रिस्ती दफन नाकारण्याचा 1917 च्या धर्मविधींतील नियम 1983 च्या विधींत राहिला नाहीं, आणि तीव्र मानसिक व्यथेनें मनुष्याची जबाबदारी कमी होऊं शकते, असें 1992 सालची धर्मशिक्षणाची पोथी सांगते. सरकारच्या 2017 च्या कायद्यानेंही मानसिक उपचार हा प्रत्येकाचा हक्क ठरविला. आमच्या वेळीं नव्हता तो दूरध्वनीही ऑक्टोबर 2022 पासून आहे: 14416. रात्रंदिवस, विनामूल्य, मराठींतूनही बोलतां येतें. हा आंकडा कृपा करून आजच घरीं भिंतीवर लिहावा.

धर्मग्रामाकडे माझें मागणें लहान आहे. धर्मशिक्षणाची मागची खोली बुधवारीं दुपारीं रिकामी असते. दोन स्त्रिया व दोन पुरुष रीतसर शिकून तेथें बसावेत. ऐकलेलें बाहेर जाऊं नये. आणि ज्यास डॉक्टरची गरज आहे त्यास गाडीभाडें देऊन, सोबत जाऊन, रुग्णालयांत पोंचवावें. गाडीभाड्याची पेटी मीं आज दारापाशीं ठेविली आहे. तींत पहिले पैसे भावानें टाकले. तो मागच्या रांगेंत बसला आहे, आणि हें सर्व सांगण्यास त्यानेंच मला परवानगी दिली आहे. शिकावयास तयार असणाऱ्यांनीं आपलीं नांवें रविवारच्या मिस्सेनंतर त्याच्याकडे द्यावीं.