प्लॉट घेण्याआधी थोडं गणित



१६ एप्रिल २०२५ रोजी अमरावतीच्या बेलोरा विमानतळावरून मुंबईची विमानसेवा सुरू झाली. समृद्धी महामार्ग त्याआधीच अमरावती जिल्ह्यातून गेला होता. त्यामुळे बडनेरा, रहाटगाव, कठोरा भागात प्लॉट घेऊन ठेवावा, असं अनेकांना वाटतं. विचार वाईट नाही. पण विमानतळाची बातमी विकणाऱ्यालाही ठाऊक असते आणि दर सांगताना त्यानं ती धरलेलीच असते.

वऱ्हाडात मला भाव पडण्यापेक्षा पैसा अडकण्याची भीती जास्त वाटते. अकोल्याच्या खडकी-मलकापूर भागात तुमचा प्लॉट आहे आणि बोलण्यात त्याचा दर चढाच आहे, असं समजा. सोयाबीन हातचं गेलं, घरात मोठं आजारपण आलं आणि प्लॉट विकायला काढला, की गिऱ्हाईक दिसत नाही. दोन महिन्यांत पैसा हवा असेल तर पडेल भावात द्यावा लागतो. म्हणून पाच-सात वर्षं लागणार नाही, तेवढाच पैसा जमिनीत घाला. भूसंपादनाचा मोबदला किंवा निवृत्तीची सगळी रक्कम एकाच लेआऊटमध्ये घालू नका, ही माझी कळकळीची विनंती आहे. वर्षभराचा घरखर्च आणि पुढच्या हंगामाचं बियाणं-खत बाजूला राहू द्या.

आता हिशेब. समजा, २० लाखांचा प्लॉट घेतला. मुद्रांक, नोंदणी, दलाली धरून साडेएकवीस लाख गेले. हीच रक्कम ७ टक्क्यांनी बँकेत ठेवली तर सहा वर्षांत सव्वाबत्तीस लाखांच्या घरात जाते. म्हणजे प्लॉट ३० लाखांना विकला, तरी दहा लाख सुटले म्हणता येणार नाही. शिवाय दोन वर्षांहून जास्त ठेवलेल्या जमिनीच्या नफ्यावर साधारण साडेबारा टक्के कर आहे. जुलै २०२४ पूर्वीच्या खरेदीसाठी दुसरा पर्यायही आहे. तो सीएला विचारा.

कर्ज काढून फ्लॅट घेणाऱ्यांनी २०२२ आठवावं. त्या वर्षीच्या मे महिन्याच्या सुरुवातीला ४ टक्के असलेला रिझर्व्ह बँकेचा रेपो दर फेब्रुवारी २०२३ मध्ये साडेसहावर गेला. २५ लाखांचं, वीस वर्षांचं कर्ज ७ टक्क्यांचं साडेनऊवर गेलं, तर हप्ता सुमारे १९,४०० वरून २३,३०० होतो. पुढे दर उतरले, तरी असा चढ पुन्हा येऊ शकतो. आणि फ्लॅट भाड्यानं देऊन हप्ता फेडायचा असेल, तर अमरावती विद्यापीठाजवळ काय, अकोल्याच्या कृषी विद्यापीठाजवळ काय, परीक्षा संपली की विद्यार्थी गावी जातात. भाडं दहाच महिन्यांचं धरा आणि सहा हप्ते शिलकीत ठेवा.

कागद वकिलाकडून तपासून घ्या. लेआऊट अकृषक झालेला आहे का, सातबाऱ्यावर भोगवटादार वर्ग २ आहे का, शहरातली जागा असेल तर आखीव पत्रिका काय म्हणते, नझुलाचा भाडेपट्टा कधी संपतो? मोठी योजना असेल तर महारेराची नोंदणी बघा. तिथे करार नोंदवण्याआधी बिल्डरला १० टक्क्यांहून जास्त रक्कम घेता येत नाही.

पण वकिलाला जमिनीखालचं दिसत नाही. पूर्णेच्या खोऱ्यात, दर्यापूर, भातकुली, मूर्तिजापूरकडे खारपाणपट्टा आहे. तिथं बोअरला पाणी लागलं, तरी ते खारं निघू शकतं. अमरावती शहराला अप्पर वर्धा धरणाचं पाणी मिळतं, अकोल्याला काटेपूर्णेचं. पण त्या नळाची लाइन तुमच्या लेआऊटपर्यंत आली आहे का, हे तिथं राहणाऱ्या माणसालाच विचारा. आपली काळी माती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते. पाया खोल न्यावा लागतो, नाहीतर भिंती तडकतात. हा खर्च अभियंत्याकडून काढून घ्या आणि भाव ठरवतानाच मोजा. प्लॉट एकदा भर पावसात बघून या. पाणी कुठं साचतं ते नकाशात दिसत नाही.

शेवटी इसार. तो बँकेतूनच द्या. २० हजार किंवा त्याहून जास्त इसार रोख घेण्यास आयकर कायद्याची मनाई आहे. इसारपावतीत खरेदीखताची तारीख लिहून घ्या आणि कागदांत दोष निघाल्यास पैसे किती दिवसांत परत मिळतील, तेही. एवढं लिहून द्यायला विकणारा तयार नसेल, तर दुसरा प्लॉट बघा.