फ्रेंचांचा भविष्यकाळ

दारावरची घंटा वाजते. आंतून कुणीतरी म्हणतें, 'टपालवाला असेल.' जो कोणी आहे तो आत्तां दारांत उभा आहे. मग हा 'असेल' कशाला? पॅरिसमधील गृहिणीही अशा वेळीं भविष्यकाळच योजूं शकते: 'स सरा ल फाक्तर.' येथें पुढचा काळ दाखवावयाचा नसतो, मनांतला अदमास दाखवावयाचा असतो. पाहुणा आला नाहीं, तर 'ओरा' हें भविष्यरूप घालून ती म्हणेल, 'गाडी चुकली असेल त्यांची.' घटना मागची, रूप पुढचें!

श्रोतेहो, हेंच 'ओरा' कायद्यांत पाहा. देहांतशासन झालेल्या प्रत्येकाचा शिरच्छेद होईल, हें १८१० च्या फ्रेंच दंडसंहितेचें बारावें कलम याच शब्दानें सांगत असे. तेथें अदमासाला तिळभर जागा नव्हती. १९८१ सालीं ती शिक्षाच रद्द झाली. घरांत जो शब्द शंका बोलतो, तोच न्यायासनाजवळ माणसाचा प्राण घेई. वाक्य कोण कोणास उच्चारतो, यावरच सारें अवलंबून.

या हुकुमी स्वराचें मूळ जुनें आहे. लॅटिनमध्यें 'कांतारे हाबेओ', शब्दशः 'गाणें माझ्याजवळ आहे', अशी रचना होती. आपलें 'मला गावयाचें आहे' तिच्याच वळणाचें. ती झिजून फ्रेंच 'शांत्रे', म्हणजे 'मी गाईन', झालें. कर्तव्य आधीं, काळ मागाहून.

सौजन्यासाठींही हेंच रूप कामीं येतें. तेथील दुकानदार आपल्या वाण्याप्रमाणेंच म्हणतो, 'दहा युरो होतील.' मात्र ते तेव्हांच मोजावे लागतात.