गल्ला म्हणजे उत्पन्न नव्हे



समोर बारावीची आणि डिप्लोमाची मुलं-मुली बसली आहेत. तुम्हाला प्रेरणा देणारे वक्ते पुष्कळ भेटतील. मी आज फक्त एका कागदाबद्दल बोलणार आहे: उत्पन्नाचा दाखला.

माझ्या अब्बांचं शिलाईचं दुकान होतं. मला इंजिनिअरिंगला प्रवेश मिळाला तेव्हा ईबीसी फी-सवलतीसाठी उत्पन्नाची मर्यादा वर्षाला 1 लाख रुपये होती. दाखल्याचा अर्ज भरताना अब्बांना विचारलं, महिन्याला किती येतात? ते म्हणाले, दहा हजार. खोटं नव्हतं ते. पण दहा हजार हा गल्ला होता. त्यातून भाडं, वीज, दोरा-बटणं, कारागिराची मजुरी जाऊन घरी साडेसहा हजार यायचे. वर्षाचे 78 हजार. दाखल्यावर लागले 1 लाख 20 हजार, आणि सवलत गेली.

पैसे कुठून आले? माझ्या आपाला बीएड करायचं होतं, तिच्यासाठी ठेवलेले माझ्या फीला गेले. तिचं बीएड राहिलं ते राहिलंच. तिला कोणी विचारलं नाही. मीही नाही.

म्हणून पहिली गोष्ट. धंद्याचा खर्च वजा जाऊन जे उरतं ते उत्पन्न. आपल्याकडे रिक्षा, गॅरेज, फळांची गाडी, शिलाई अशी कामं जास्त. पगाराची स्लिप नसते. म्हणून खर्चाची वही ठेवा, भाड्याच्या आणि मालाच्या पावत्या ठेवा. 'कमी सांगितलं तर लोक काय म्हणतील' म्हणून आकडा फुगवू नका, आणि सवलतीसाठी खोटा कमीही करू नका. खोट्या दाखल्यावर गुन्हा दाखल होऊ शकतो, शिष्यवृत्ती परत भरावी लागते.

दुसरी गोष्ट. ही मर्यादा उतार नाही, कडा आहे. आमच्या प्रोग्रॅमिंगच्या भाषेत इफ-एल्स. आकडा रेषेच्या आत असेल तर सवलत, थोडा जरी बाहेर गेला तर काही नाही. आज राजर्षी शाहू महाराज शिक्षण शुल्क शिष्यवृत्तीची रेषा 8 लाखांवर आहे. व्यावसायिक अभ्यासक्रमात निम्मी शिक्षण फी मिळते. मात्र प्रवेश कॅपमधून हवा. मॅनेजमेंट कोट्यातून घेतलात तर दाखला असूनही उपयोग नाही.

मुलींनो, नीट ऐका. जुलै 2024च्या शासन निर्णयानुसार 8 लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या ईडब्ल्यूएस, एसईबीसी आणि ओबीसी मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांत शिक्षण आणि परीक्षा शुल्काची पूर्ण सवलत आहे. आपल्यातल्या बागवान, तांबोळी, अत्तार, पिंजारी अशा अनेक बिरादऱ्या ओबीसीत आहेत. खुल्या वर्गातल्यांनी ईडब्ल्यूएस प्रमाणपत्र बघावं. केंद्राच्या प्रमाणपत्राला जमीन-घराच्याही अटी आहेत. एक घोटाळा लक्षात ठेवा. नॉन-क्रीमीलेअरसाठी पगार आणि शेतीचं उत्पन्न धरत नाहीत, पण उत्पन्नाच्या दाखल्यात सगळं धरतात. दोन्हीकडे आकडा 8 लाखच, मोजणी मात्र वेगळी.

आता कर्ज. 'व्याज हराम आहे' म्हणून अनेक घरं बँकेची पायरीच चढत नाहीत. तो ज्याच्या-त्याच्या ईमानाचा प्रश्न आहे, मी फतवा देणार नाही. पण निर्णय माहितीवर घ्या. कुटुंबाचं उत्पन्न 4.5 लाखांपर्यंत असेल, तर केंद्राच्या व्याज अनुदान योजनेत पात्र संस्थांतल्या तांत्रिक आणि व्यावसायिक अभ्यासक्रमांसाठी, शिक्षण चालू असताना आणि पुढे एक वर्ष, कर्जाचं व्याज सरकार भरतं. त्या मुदतीत जेवढं मुद्दल फेडाल, तेवढ्यावर तुमच्या खिशातून व्याज जात नाही. नोव्हेंबर 2024मध्ये मंजूर झालेल्या पीएम विद्यालक्ष्मी योजनेत निवडक दर्जेदार संस्थांसाठी 8 लाखांपर्यंतच्या कुटुंबांना, 10 लाखांपर्यंतच्या कर्जावर, याच मुदतीत 3 टक्के व्याज सवलत आहे. इथेही दार उघडतं ते उत्पन्नाच्या दाखल्यानेच.

शेवटी एवढंच. दाखल्याची मुदत 31 मार्चला संपते. निकालाची वाट बघू नका. एप्रिलमध्येच आपले सरकार केंद्रावर जा. निघण्याआधी अम्मी-अब्बांसोबत बसून वर्षाचा हिशोब मांडा. आपल्याकडे मुलं बापाला कमाई विचारत नाहीत, बेअदबी वाटते. मीही विचारली नव्हती. विचारली असती, तर आज माझी आपा कुठल्या तरी शाळेत शिकवत असती.