लेक वाट दाखवते तेव्हा

तीर्थाला गेलं की वाट दाखवणारा लागतो. पहिल्यांदा पंढरीला गेलेल्या माणसाला कुणीतरी जुना वारकरी हाताला धरून नेतो. आधी चंद्रभागेचं स्नान, मग पुंडलिकाची भेट, मग नामदेवाच्या पायरीवर डोकं, आणि मग आत. नवा माणूस विचारत नाही की काहून. तो मागं मागं जातो. जाणता पुढं, नेणता मागं, अशी तीर्थाची रीत आहे. आणि जाणता बहुतेक वेळा वयानं मोठा असतो.

परमुलखात ही रीत उलटते. तिथं लेकरू जाणतं होतं आणि बाप नेणता होतो. आता आपल्या बुलढाणा जिल्ह्यात हा अनुभव घरोघरी यायला लागला. खामगाव-मलकापुरातच नव्हे, घाटावरच्या लहान गावांतूनही पोरंपोरी शिकायला बाहेर देशी गेली. मग मायबाप भेटीला निघतात. पिशवीत पापड, कुरड्या, शेवया, शेगावचा अंगारा. मेहकर तालुक्यातल्या एका गावचं जोडपं असंच जर्मनीत म्युनिकला लेकीकडं जाऊन आलं. परत आल्यावर तो गृहस्थ मला भेटला. गावात याचा शब्द चालतो, पंचायतीत बसणारा माणूस. म्हणाला, "महाराज, पंधरा दिवस पोरीनं मले लेकरासारखं चालवलं. बाबा, सरकत्या जिन्यावर उजवीकडं उभे राहा, डावी बाजू चालणाऱ्यांची. बाबा, तिकिटावर शिक्का मारून घ्या. तिथं फाटकही नाही, तपासनीसही दिसत नाही, तरी तिकीट काढा म्हणते!" पोरीनं सगळं दाखवलं. तिथं नगरपालिकेच्या इमारतीवर मोठं घड्याळ आहे, अकराला आणि बाराला त्यातल्या बाहुल्या फिरतात. ते दाखवलं, राजवाडा दाखवला, बागा दाखवल्या.

पण मायचं मन घड्याळात नव्हतं. माय म्हणे, "तू निजते कुठी ते दाखव. रांधते कुठी ते दाखव." पाच जणींत एक स्वयंपाकघर, फडताळाच्या एकेका कप्प्यावर एकेकीचं नाव चिकटवलेलं. मायनं लेकीचा कप्पा उघडला. थोडा तांदूळ, थोडी डाळ, एक तवा. मग तिनं लेकीचे हात हातात घेतले. ते भेगाळलेले. तेव्हा कळलं की पोरगी आठवड्यातल्या तीन रात्री एका हॉटेलात भांडी घासते. फोनवर हे कधी बोललीच नव्हती. बाप मला म्हणाला, "महाराज, राजवाडा पाहून आलो अन् पोरीच्या हाताकडं मी पाह्यलंच नव्हतं." विठ्ठल, विठ्ठल.

लेकरू आपल्याला शहर दाखवतं, ते त्याला जे दाखवावंसं वाटतं ते. पाहणाऱ्यानं काय पाहावं, हे पाहणाऱ्याकडं असतं. यावर आज पुराणातलं आख्यान घेत नाही. एकशे चाळीस वर्षांपूर्वीचं घेतो. तुमच्यातल्या पुष्कळांनी श्री. ज. जोशींची 'आनंदी गोपाळ' वाचली असेल, सिनेमाही पाहिला असेल. पण तिच्याकडं परदेशात कोण कोण आलं आणि त्यांनी काय पाहिलं, एवढ्याचाच आज विचार करू.

आनंदीबाई जोशी. माहेरचं नाव यमुना. जन्म १८६५. नवव्या वर्षी लग्न, नवरा गोपाळराव टपाल खात्यात. चौदाव्या वर्षी बाळंत झाली आणि दहा दिवसांत मूल गेलं. त्या दुःखातून तिनं ठरवलं की आपण डॉक्टर व्हायचं. गोपाळरावानं तिला शिकवलं, हे त्याचं श्रेय कुणी हिरावून घेऊ नये. शिकवताना मारलंही, हेही झाकू नये. एप्रिल १८८३ मध्ये कलकत्त्याहून ती नवऱ्याशिवाय बोटीत बसली. वय अठरा. जूनमध्ये न्यूयॉर्कला उतरली. तिथं कार्पेंटरबाईंनी तिला पोटच्या पोरीसारखी घरात घेतली, ती त्यांना मावशी म्हणायची. ऑक्टोबरात फिलाडेल्फियाच्या बायकांच्या वैद्यकीय महाविद्यालयात नाव दाखल झालं.

काय थंडी असेल हो! खोलीतली शेगडी पेटवली तर धूर कोंडायचा, न पेटवली तर गारठा. पायाचे घोटे उघडे पडतात म्हणून तिनं नऊवारी सोडून गुजराती पद्धतीनं साडी नेसायला सुरुवात केली. मांसाहार मात्र केला नाही. सोबत जपानची केई ओकामी, सीरियाची सबात इस्लांबूली. तिघींचा एक फोटो आहे, १८८५ सालचा, तिघी आपापल्या देशाच्या पोशाखात. पाहा कधी मिळाला तर. मी पुष्कळ वेळ पाहत बसतो.

आता पाहुणे. पहिला पाहुणा खुद्द नवरा. पदवीच्या आधीच गोपाळराव अमेरिकेत पोचले. विचार करा, ज्यानं अक्षर गिरवून दिलं तो शिष्येच्या गावी येतो आणि तिथं तीच जाणती. भाषा तिला येते, वाटा तिला ठाऊक, लोक तिला ओळखतात. जुनी माणसं सांगतात की लेकराकडून आणि शिष्याकडून हार मागून घ्यावी. सांगायला सोपं आहे. गुरूनं शिष्याच्या मागून चालणं फार कठीण, अभिमानाला तिथं ठेच लागते. तिच्या साडीवरून त्यांनी आधी पत्रांतून बोल लावलेच होते. अमेरिकेत त्यांनी सभांतून व्याख्यानं दिली आणि तिथल्या चालीरीतींवर तोंडसुख घेतलं. त्या टीकेत खरं काही नसेल असं मी म्हणत नाही. पण ज्यांच्या मीठभाकरीवर आपली बायको तीन वर्षं जगली, त्यांच्या दारात उभं राहून हे बोलायचं? तिला मधल्यामध्ये किती अवघडल्यासारखं झालं असेल! आपल्याकडंही हे होतं. पोरगा शहर दाखवतो आणि बाप म्हणतो, "यात काय हाये? आपल्या लोणारच्या सरोवरापुढं हे काहीच नाही." लोणार मोठंच आहे, बाबा. पण पोरगा तुला त्याचं जगणं दाखवतोय.

दुसरी पाहुणी पंडिता रमाबाई. आनंदीबाईंची दूरची नातलग. त्या वेळी इंग्लंडात चेल्टनमला शिकवत होत्या. रमाबाईंचं नाव घेतलं की आमच्यातले काही जण चुळबुळ करतात, कारण १८८३ साली त्यांनी तिकडं ख्रिस्ती धर्म घेतला. चुळबुळ करू नका. ही कुणाची लेक? अनंतशास्त्री डोंगऱ्यांची. शास्त्रीबुवा पुराण सांगत गावोगाव, तीर्थातीर्थांनी हिंडले, बायकोलेकरांसह, पायी. दुष्काळात आईबाप गेले, त्यानंतरही ती भावाबरोबर चालत राहिली. कलकत्त्याच्या पंडितांनी १८७८ साली तिची परीक्षा घेऊन 'सरस्वती' पदवी दिली. मी पुराणिकांच्या परंपरेतला माणूस, ही बाई मला परकी कशी वाटेल? आणि आज आपल्या कामाचं एवढंच की, अनोळखी ठिकाणी दुसऱ्याच्या मागून चालून दर्शन कसं घ्यावं हे ज्या माणसाला लहानपणापासून ठाऊक होतं, ते माणूस फिलाडेल्फियाला आलं. मार्च १८८६ च्या सुरुवातीला, अटलांटिक ओलांडून. सोबत लेक मनोरमा, पाचव्या वर्षातली.

फिलाडेल्फिया तुम्ही-आम्ही पाहायला गेलो तर काय पाहू? १७७६ साली स्वातंत्र्याचा जाहीरनामा झाला ते सभागृह आणि ती तडा गेलेली मोठी घंटा. रमाबाई आल्या होत्या एका मुलीचा समारंभ पाहायला. ११ मार्च १८८६. आनंदीबाई साडी नेसून पदवी घ्यायला उभी राहिली. वय एकवीस पुरं व्हायला वीस दिवस कमी. प्रबंधाचा विषय कोणता? आर्य हिंदूंमधलं प्रसूतिशास्त्र. सातासमुद्रापार बसून पोरीनं अभ्यास केला तो आपल्याकडच्या बाळंतपणाचा. दहा दिवसांचं लेकरू ती विसरली नव्हती, मायबापहो.

रमाबाईंनी हे पाहिलं. बेत होता समारंभ आटोपून परतायचा. पण त्या अमेरिकेत थांबल्या, जवळजवळ तीन वर्षं. शाळा पाहिल्या, व्याख्यानं दिली, हिंदू बाईच्या स्थितीवर इंग्रजीत पुस्तक लिहिलं. आनंदीबाईंच्या महाविद्यालयाच्या प्रमुख बॉडलीबाईंनी त्याला प्रस्तावना लिहिली. बालविधवांच्या शाळेसाठी मदत गोळा केली.

आणि आनंदीबाई? ती आणि गोपाळराव १८८६ च्या ऑक्टोबरात परत निघाले. कोल्हापूरच्या इस्पितळात बायकांच्या विभागाचं काम तिची वाट पाहत होतं. पण क्षयानं तिला पोखरलं होतं. २६ फेब्रुवारी १८८७ ला पुण्यात गेली. ते काम सुरू करायला तिला मिळालंच नाही. तिची रक्षा कार्पेंटर मावशींकडं पाठवली, आणि त्यांनी ती न्यूयॉर्क राज्यातल्या पोकिप्सी गावी आपल्या घराण्याच्या दफनभूमीत ठेवली. आजही तिथं आहे.

रमाबाई १८८९ च्या सुरुवातीला मुंबईत उतरल्या आणि त्यांनी शारदा सदन उघडलं. तारीख ११ मार्च. तिथल्या पहिल्या बालविधवांत एक गोदूबाई होती. पुढं १८९३ साली धोंडो केशव कर्व्यांशी तिचा पुनर्विवाह झाला, तेव्हा तिचं नवं नाव ठेवलं आनंदीबाई.